रत्नागिरी आवृत्ती

मधुवंतीला आमसुलं नको होती. तिला आमसुलांच्या बरणीभोवतीचा कागद हवा होता.

“कागद?” काउंटरमागची मुलगी म्हणाली. “नुसता?”

“बरणी घेतेच. पण कागद फाडू नका. म्हणजे... जरा सांभाळून सोडवाल?”

मुलीनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बरणीवरची चिकटपट्टी नखानं उचलली, अगदी हळू, कुणाच्या तरी जखमेवरची पट्टी सोडवावी तशी. मस्कतमधल्या रुवीतल्या या कोकणी मालाच्या दुकानात रत्नागिरीहून खोकी येत, आणि खोक्यातल्या प्रत्येक बरणीला मराठी पेपरचं एकेक पान गुंडाळलेलं असे. गिऱ्हाइकं ते पान तिथंच टरकावून टाकत.

“काय हाय यात? लॉटरीचा नंबर?”

“माझे वडील वाचतात.”

“मोबाइलवर रोज येतो की पेपर.”

“मोबाइलवर लाल पेन चालत नाही म्हणतात. मुद्रितशोधक होते ते. छपाईतल्या चुका काढायचे. अजून काढतात.”

“महिन्याभरापूर्वीच्या पेपरातल्या?”

“त्यांना जुन्याच चुका आवडतात.”

“माल सोडून रद्दी नेणारं पहिलंच गिऱ्हाईक बगतेय,” मुलगी म्हणाली आणि हसली. हसताना तिचा डावीकडचा एक दात किंचित पुढे यायचा. मधुवंतीनं तो पाहिला, आणि आपण तो पाहिला हे त्या मुलीनंही पाहिलं.

बाहेर पाऊस सुरू झाला तो तेव्हाच. मस्कतला पाऊस वर्षातून तीनचारदा येतो, पण आला की डोंगरावरून थेट रस्त्यात उतरतो. दहा मिनिटांत समोरच्या मनी एक्स्चेंजची पायरी दिसेनाशी झाली. मातकट पाणी दुकानाच्या उंबऱ्याशी आलं. कुणीतरी रस्त्यावरून ओरडलं, “वादी आली, वादी आली,” म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्याला पूर आला, आणि दिवे गेले.

“आता कुठं जाणार तुमी,” मुलगी म्हणाली. तिनं ओढणी कमरेला खोचली. “दुकान मामूंचं, ते सोहारला गेलेत. खोकी वर ठेवायला मदत करणार? कागद फुकट देते.”

दोन तास दोघींनी खोकी उचलली. कोकमाची, तांदळाच्या पापडाची, सुक्या बांगड्याची. जी भिजली ती सोडवली, पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली. मुलीचं नाव अफशा. रत्नागिरीची, मिरकरवाड्याची, एकतीस वर्षांची. सात महिन्यांचं लग्न आणि नंतरचा तलाक हे सगळं तिनं पापडाची चळत लावता लावता एका वाक्यात सांगून टाकलं, हवामान सांगावं तसं. मधुवंतीनं सांगितलं ते एवढंच... की ती एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे, की आई बारा वर्षांपूर्वी गेली, आणि घरात ती आणि बाबा.

“म्हणजे बाई,” अफशा म्हणाली. “टीचरबाई.”

“ग्रंथपाल.”

“तेच ते. ओरडता काय पोरांवर?”

“‘शांत बसा’ एवढंच म्हणते.”

“नायतर काय म्हणणार. तुमी स्वतःच इतक्या शांत बसताय.”

छपाईची शाई दोघींच्या हातांना लागली होती. अफशानं केस मागे सारले आणि गालावर एक काळी रेघ उमटली.

“शाई,” मधुवंती म्हणाली.

“कुठं?”

“इथे.” तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. अफशानं भलताच गाल पुसला. “इथे नाही... त्या बाजूला.” तिनं पुन्हा भलताच पुसला. मधुवंतीचा हात अर्धा वर गेला आणि तिथूनच परत आला.

“राहू दे,” अफशा म्हणाली. “घरी जाऊन बगते.”

पाणी ओसरलं. मधुवंती आमसुलांची बरणी दुकानातच विसरली आणि एकोणीस पानं घेऊन घरी गेली.

*

पुढच्या शुक्रवारी अफशा बरणी घेऊन दारात उभी राहिली. मामू नमाजला जात आणि दुकान चार वाजेपर्यंत बंद असे. काखेत पेपरांची गुंडाळी, घडी घातलेली, बाजारातल्या चाफ्याच्या पुडीसारखी जपून धरलेली.

“अंकल, तुमची रद्दी.”

मधुवंतीचे बाबा, शिरीष चौबळ, उठून उभे राहिले. घरात आलेल्या कुठल्याही माणसासाठी ते उठून उभे राहत; पण या मुलीसाठी ते उठल्यावर लगेच बसले नाहीत, तिला खुर्ची देईपर्यंत थांबले. अफशा रत्नागिरीच्या नगरपरिषदेच्या शाळेत मराठीतून शिकली होती आणि शुद्धलेखनात वर्गात पहिली यायची, हे त्यांनी पाच मिनिटांत काढून घेतलं. त्या दिवसापासून ते पान तपासून झालं की तिच्याकडे सरकवत. “बघ गं, माझं काही सुटलं का.”

फेब्रुवारी गेला, उन्हाळा आला, रस्ते दुपारचे ओस पडले आणि शुक्रवार येत राहिले. अफशा चहा करताना वेलची ठेचायची तो आवाज मधुवंतीला आपल्या खोलीतून ओळखू यायचा. कधी दोघी मत्राच्या समुद्रकाठी जात आणि रेलिंगला टेकून बोटी मोजत. कोपराला कोपर लागायचं. कुणी काढून घ्यायचं नाही, कुणी काही बोलायचंही नाही.

“टीचरबाई, तुमच्या लायब्ररीत बोलायची मनाई हाय ते ठीक,” अफशा एकदा म्हणाली. “हितं कुणी लावलीय?”

मधुवंती हसली. उत्तर तिच्याकडे होतं, पण ते ती एकदा एका माणसाला देऊन बसली होती.

अकरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात. न्यायालयानं समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरवले होते त्या आठवड्यात. सगळे पेपर त्यानं भरलेले. बाबा जेवणाच्या टेबलाशी लाल पेन घेऊन बसले होते. ती तेवीस वर्षांची होती. तिनं त्यांच्या समोर बसून सांगितलं, “बाबा, मला कुठल्या मुलाशी लग्न नाही करायचं. कधीच. ही जी माणसं आहेत ना पेपरात... मी त्यांच्यातली आहे.”

बाबांनी पान उलटलं. मग म्हणाले, “चहा निवतोय तुझा.”

एवढंच. त्यानंतर त्यांनी तिला स्थळं आणली नाहीत, टोमणे मारले नाहीत, एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही. अकरा वर्षं ते दोघं एका टेबलावर जेवले.

*

सप्टेंबरात शिरीष चौबळ गेले. दुपारी आरामखुर्चीत, चष्मा नाकावर.

सोहारला अग्नी दिला. मस्कतहून अडीच तास. गाडी अफशानं चालवली. तिथल्या हिंदू स्मशानातल्या मंडळींनी एका मुसलमान मुलीकडे बघून काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. परतताना वाटेत सीबच्या अलीकडे तिनं गाडी थांबवली, करक चहाचे दोन पेले आणले, एक मधुवंतीच्या हातात दिला आणि तिच्या हातावरून आपला हात पेला निवेपर्यंत काढला नाही.

“घरी येऊ?” तिनं विचारलं.

“नको,” मधुवंती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून आशुतोषकाकांचा फोन आला. बाबांचे धाकटे भाऊ. पेपरात निधनवार्ता द्यायची होती, आणि उद्याच्या अंकात यायची तर आज पाचपर्यंत मजकूर हवा होता.

“तुझ्या बापानं अख्खी हयात दुसऱ्यांचं छापलेलं तपासण्यात घालवली,” काका म्हणाले. “स्वतःचं लिहून ठेवलं असेल बघ. तो तसाच होता.”

तसाच होता. कपाटात, विम्याच्या कागदांखाली, एक जाड फाइल निघाली. वरच्या चिठ्ठीवर लाल अक्षरांत ‘मजकूर’. मधुवंती जमिनीवर बसली आणि उघडली.

निधनवार्ता शेवटच्या पानावर होती. त्याआधी छत्तीस वर्षांची कात्रणं होती.

पहिलं १९८८ चं. बाबा मुंबईत ज्या दैनिकात होते त्यातलंच. एका तालुक्याच्या गावातल्या दोन मुली घरातून निघून गेल्या होत्या. मथळा: ‘विकृत मैत्रीचं पर्यवसान’. खाली दोघींची पूर्ण नावं, वडिलांची नावं, आळी, एकीच्या शिवणवर्गाचा पत्ता. पोस्टमननं पत्र टाकावं इतका नीट पत्ता. कात्रणाच्या कोपऱ्यात बाबांची सही होती, जुनी, निळ्या शाईची. हे पान त्यांनीच तपासून सोडलं होतं. शिवणवर्गाच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी सुधारली होती. बाकी सगळं बरोबर होतं.

त्याला टाचणीनं लावलेलं दुसरं, नऊ दिवसांनंतरचं. कोपऱ्यातल्या तीन ओळी. त्यातल्या एकीचं प्रेत विहिरीत सापडलं होतं.

मधुवंतीनं ते दोनदा वाचलं. मग पुढचं घेतलं.

नव्वदीतली रविवार पुरवणी. ‘तुमची मुलगी मैत्रिणीत फार रमते का? पालकांनो, वेळीच सावध व्हा.’ एका डॉक्टरांनी लक्षणं दिली होती. केस कापण्याची आवड हे त्यातलं दुसरं. मधुवंतीचा हात नकळत मानेमागे गेला.

दोन हजारच्या आसपासचं गुन्हेवार्तेचं पान. ‘समलिंगी संबंधातून खून.’ त्याच पानावर खाली एका नवऱ्यानं बायकोला जाळलं होतं, पण तिथं ‘विवाहसंबंधातून खून’ असं कुणी लिहिलं नव्हतं. तिथं त्याचं डोकं फिरलं होतं, एकट्याचं.

मग निकालांची वर्षं. एकदा इकडून, एकदा तिकडून. फोटोत मुखवटे घातलेली माणसं, पाठमोरी माणसं, नुसते हात. ‘संस्कृतीवर घाला.’ ‘पाश्चात्त्यांचं खूळ.’ आणि मग २०१८, आणि एका सकाळीत सगळ्यांना पाझर फुटलेला. पहिल्या पानावर सप्तरंगी पट्टा, पुरवणीत ‘प्रेमाला बंधन नसतं’, मखमली गादीवर दोन मॉडेलांचे गुंफलेले हात, आणि शेजारी दागिन्यांची जाहिरात. ज्यांनी तीस वर्षं चिखल फेकला तेच आता हळदीकुंकवाला बोलवावं तसे बोलवत होते, आणि मधल्या तीस वर्षांबद्दल एक ओळ नव्हती. माफीची सोडा, दुरुस्तीची चौकट नव्हती. कुणाचं आडनाव चुकलं तर हे लोक दुसऱ्या दिवशी ‘खुलासा’ छापतात.

त्याच महिन्यातलं, त्याच पेपरचं जिल्हापान बाबांनी पुढे लावलं होतं. ‘दोन मैत्रिणींची आत्महत्या, कारण अस्पष्ट.’

आणि प्रत्येक कात्रणावर लाल पेन चाललं होतं.

‘विकृत’ खोडलं होतं, ‘मैत्री’ ठेवली होती. पत्ता खोडला होता, शिवणवर्गासकट, वेलांटीसकट. ‘वेळीच सावध व्हा’ खोडून समासात लिहिलं होतं: ‘तिच्याशी बोला.’ ‘घाला’ खोडला होता. आणि ‘कारण अस्पष्ट’ला गोल करून बाजूला, कागद फाटेल इतक्या जोरात: ‘कारण स्पष्ट आहे. आपण.’

मुद्रितशोधकाच्या सवयीनं प्रत्येक दुरुस्तीखाली तारीख होती. सगळ्यांत जुन्या कात्रणावरची दुरुस्तीही तेव्हाची नव्हती, पंचवीस वर्षं उशिराची होती. पण इतर कुठलीच तिच्याआधीची नव्हती. डिसेंबर २०१३. मधुवंतीनं टेबलाशी बसून सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे ऐकलं होतं. चहा निवतोय म्हणाले तेव्हा ऐकलं होतं, आणि रात्री झोपले नसतील, आणि सकाळी ही फाइल उघडून बसले.

मधुवंती रडली नाही. तिला इतका राग आला होता की रडणं त्यात मावेना. त्या वार्ताहराचा, त्या डॉक्टराचा, मखमली गादीचा. आणि सगळ्यांत जास्त या लाल अक्षराचा. तिच्याशी बोला. अहो, मी पलीकडच्या खोलीत होते. अकरा वर्षं मी पलीकडच्या खोलीत होते, आणि तुम्ही हे समासात लिहीत होतात.

*

शेवटचं पान निधनवार्तेचं होतं. ऑगस्टची तारीख. बाबांचं सरळ, टायपासारखं अक्षर:

‘शिरीष चौबळ (वय —) यांचे मस्कत येथे निधन झाले. मुद्रितशोधक म्हणून त्यांनी मुंबईत व मस्कतमध्ये काम केले. काही चुका त्यांच्याकडून राहिल्या. त्यांच्या मागे मधुवंती आणि अफशा असा परिवार आहे.’

खाली: ‘मुंबई व पुणे आवृत्ती.’

‘आणि अफशा’ या शब्दांवरून निळ्या बॉलपेनची एक रेघ गेली होती. सावकाश मारलेली, पट्टी लावल्यासारखी सरळ. ती निळी शाई मधुवंतीनं सात महिने दुकानाच्या बिलांवर पाहिली होती.

आणि त्या खोडलेल्या शब्दांखाली लाल टिंबं होती. ओळीनं, एकसारखी, एक एक दाबून काढलेली.

ती फाइल आणि बाबांचं लाल पेन पिशवीत टाकून तशीच निघाली. घरच्या चपला पायात होत्या.

*

दुकानात दुपारचं कुणी नव्हतं. अफशा शिडीवर चढून फळीवर मसाल्याच्या बरण्या लावत होती. मधुवंतीनं कागद काउंटरवर ठेवला.

“हे तू खोडलंस?”

अफशानं वरूनच पाहिलं. मग खाली उतरली, एक एक पायरी.

“अंकलनी तपासायला दिलेलं,” ती म्हणाली. “नेहमीसारखं. म्हणाले बघ गं, काही सुटलंय का. मी वाचत गेले, वाचत गेले... आणि शेवटी माझं नाव.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगणार?”

“त्यांना माहीत होतं. तुला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. महिनाभर तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून चहा प्यालात. वेलदोड्याचा. आणि मी... मला वाटत होतं मी एकटीच आहे या घरात जिला काहीतरी लपवायचंय.”

“मधू...”

“बोलता येत नाही का तुम्हां लोकांना? सगळं कागदावर? त्यांनी लाल पेननं लिहायचं, तू निळ्या पेननं खोडायचं, आणि मी कोण? वाचक?”

तिचा आवाज चढला नव्हता. ग्रंथालयातला आवाज होता तो, आणि म्हणूनच अफशा काउंटरला धरून उभी राहिली.

“तू बोललीस कधी?” ती म्हणाली. “सांग ना. तू कधी बोललीस? मत्राला सतरा वेळा गेलो आपण. मी मोजलंय. दर वेळी वाटायचं आज बोलेल. सोहारवरून येताना विचारलं घरी येऊ, तर नको. तू एक शब्द बोलली नायस मधू, आणि मी पेपरात तुझ्या नावाशेजारी माझं नाव छापू? कुठल्या नात्यानं? पेपरची रद्दी आणणारी म्हणून?”

मधुवंतीनं पिशवीतून फाइल काढून काउंटरवर ठेवली. रागाला आपलाच आरसा दाखवला की तो असा मधेच थांबतो.

“आणि मुंब्र्यात अर्धं खानदान हाय आमचं,” अफशा हळू म्हणाली. “पहिल्यांदा निधनवार्ताच वाचतात सगळे.”

“भीती वाटली.”

“मग नाय वाटणार? या फाइलीतलं मी पण वाचलंय. अंकलनी दाखवलं. त्या शिवणवर्गवालीचं वाचून दोन दिवस जेवले नाय.” तिनं कागदाकडे बोट केलं. “पण ही खाली टिंबं नव्हती तेव्हा. ही कसली?”

मधुवंतीनं कागद तिच्याकडे वळवला.

“छापखान्यातली खूण आहे. कुणी काही चुकून खोडलं, की त्याच्याखाली अशी टिंबं देतात. म्हणजे खोडाखोड मानायची नाही... होतं तसं राहू द्या.”

अफशा टिंबांवर वाकली. बोटानं एकेकावरून गेली.

“सात हायत,” ती म्हणाली.

“अफशा.”

“हं.”

“मी तुझ्यावर... माझं तुझ्यावर प्रेम आहे. वादी आली त्या दिवसापासून. तू भलताच गाल पुसत होतीस तेव्हापासून. मला हे समासात नाही लिहायचं. मला ते तुला सांगायचंय, आणि मी सात महिने उशीर केलाय, आणि मला माझाच इतका राग येतोय की... एवढंच. झालं सांगून.”

बाहेर टॅक्सीवाला कुणाला तरी ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत होता. अफशाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो पुढचा दातही दिसत होता.

“मुद्दाम पुसत होते,” ती म्हणाली.

“काय?”

“भलता गाल. मना वाटलं, एवढी हुशार बाई, हात लावून दाखवेल.” तिनं नाक पुसलं. “ग्रंथपाल.”

मग तिनं मधुवंतीच्या खांद्यावरच्या पिशवीत हात घातला, बाबांचं लाल पेन काढलं, आणि ‘मुंबई व पुणे आवृत्ती’ या ओळीत ‘व’ खोडून पुढे लिहिलं: ‘व रत्नागिरी’.

“वेडी झालीस का?” मधुवंती म्हणाली. “तुझी अम्मी आहे तिथं...”

“मुंब्र्याची खाला वाचणार आणि अम्मीला फोन करून मीठ लावून सांगणार. त्यापेक्षा अम्मीनं स्वतः वाचावं.” तिनं पेनचं टोपण दोनदा चुकवून बसवलं. “कुणाच्या तोंडून ऐकायला नको तिला. आणि कुणाच्या मथळ्यातून तर नकोच.”

*

साडेचारला काकांचा फोन आला.

“मजकूर मिळाला. छानच लिहिलंय त्यानं,” ते म्हणाले. “फक्त शेवटी... ही अफशा कोण गं?”

“सोहारला गाडी तिनं चालवली, काका.”

“हो का. बरं, बरं. मग नातं काय घालू? तुझ्यापुढे ‘कन्या’ घालतो. हिच्यापुढे ‘स्नेही’? ‘मानसकन्या’ पण घालतात हल्ली. पेपरवाला विचारणार बघ.”

“काही घालायचं नाही. दोघींपुढे काही नाही.”

“अगं, पण वाचणाऱ्याला कळायला नको?”

मधुवंतीनं फाइलीवर हात ठेवला. काका वाईट माणूस नव्हते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत उद्या तोच पेपर येणार होता, चहाबरोबर, नेहमीसारखा.

“काका, पेपरवाल्यांकडे आमच्यासाठी छत्तीस वर्षं खूप शब्द होते. बाबांनी सगळे खोडलेत. आता नुसती नावं छापू देत.”

त्या ‘आमच्यासाठी’चा अर्थ पुण्याला पोचायला थोडा वेळ लागला.

“आणि रत्नागिरी कशाला?” काका अखेर म्हणाले, आवाज जरा वेगळा. “आपलं कोण आहे तिथं?”

“आहे,” मधुवंती म्हणाली. “आणि बाबांच्या मजकुरात काही बदलायचं असेल तर बाबांना विचारा.”

काकांनी दोनदा घसा खाकरला. “शिरीषला कोण विचारणार,” ते म्हणाले. “पाठवतो आहे तसं.”

*

खोकी तीन आठवड्यांनी आली. मधले तीन आठवडे मिरकरवाड्याहून एक फोन नाही. मुंब्र्याच्या खालाचे अकरा आले. अफशानं एकही उचलला नाही, आणि अम्मीला फोन लावायला म्हणून रोज मोबाइल हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

रत्नागिरीला खोकी अम्मीच भरायची. अफशाला ठाऊक होतं. अम्मी पेपर आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, मग बरण्यांना गुंडाळायची. म्हणून तिनं ते खोकं मधुवंती शाळेतून येईपर्यंत उघडलं नाही.

दोघी जमिनीवर बसल्या. अफशानं चिकटपट्टी कापली.

सगळ्यात वर ते पान होतं. गुंडाळलेलं नव्हतं, चुरगळलेलं नव्हतं. चौघडी घातलेलं, घडीवरून हात फिरवलेला. त्याखाली फणसपोळीचं पुडकं. दर खोक्यात अम्मी लेकीसाठी एक फणसपोळी घालायची, सुती फडक्यात बांधून.

या वेळी दोन होत्या. फडकी वेगळी, गाठ एकच.

अफशा ओक्साबोक्शी रडायला लागली. तळव्यांनी तोंड पुसता पुसता शाई गालावर पसरली. मधुवंतीचेही डोळे भरले, क्षणभरच. आणि मग आत खोलवर तोच राग पुन्हा उसळून वर आला.

“पुन्हा तेच,” ती म्हणाली.

“काय?”

“कागद. घडी. खूण. माझ्या बाबांनी हेच केलं. किती सुंदर केलं, आणि गेले. मी आता फाइल घेऊन भांडू कुणाशी?” तिनं मोबाइल उचलून अफशाच्या मांडीवर ठेवला. “फोन लाव.”

“आत्ता? काय बोलू पण?”

“काहीही. पण तोंडानं.”

अफशानं नंबर लावला आणि घाबरून मोबाइल तिच्याच हातात कोंबला. रिंग वाजत होती. मधुवंतीनं एका हातानं मोबाइल धरला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं अफशाच्या गालावरची शाई पुसली. बरोबर त्याच गालावरची, सावकाश, पूर्ण जाईपर्यंत.

“हॅलो?” पलीकडून आवाज आला. मागे कोंबड्या, आणि कुठंतरी नळ.

“अम्मी... मी मस्कतहून मधुवंती बोलतेय. चौबळांची.”

नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. मधुवंतीनं मोबाइल घट्ट धरला. या वेळी ती पान उलटू देणार नव्हती.

“बोल गं,” अम्मी म्हणाली. “फणसपोळी पोचली काय दोघींना?”